सातारची परीक्षा आणि पुढच्या सुट्या

(द्वितीय वर्ष, कला)

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे छायाचित्र आपण सर्वांनी शाळेत असताना पाहिलेले आहे. पांढरी दाढी, कृश देह आणि चेहऱ्यावर शांत, थोडेसे संकोचलेले हसू. १९५८ साली, वयाची शंभरी गाठली तेव्हा, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. त्याच वर्षी त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. हयात माणसाचे तिकीट स्वतंत्र भारतात त्यापूर्वी निघाले नव्हते. मुंबईतल्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे आणि पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळाला आज लोक कर्वेनगर म्हणून ओळखतात. जयंतीच्या दिवशी आपण भाषणे ऐकतो ती या शंभर वर्षांच्या वृद्धाची. त्यामुळे हा माणूस जन्मतःच महर्षी होता की काय, असे वाटू लागते.

परंतु मार्च महिना जवळ आला आणि सूचनाफलकावर परीक्षेचे वेळापत्रक लागले, की मला महर्षी कर्वे आठवत नाहीत. मला आठवतो तो मुरूडचा सतरा वर्षांचा धोंडू. परीक्षेसाठी डोंगर ओलांडून गेलेला आणि परीक्षेच्या दारातून परत आलेला. त्याची गोष्ट आपणा विद्यार्थ्यांना अधिक जवळची आहे. म्हणून हे चरित्र मी परीक्षेच्या बाजूने सांगणार आहे. आणि परीक्षा म्हटली की तिच्यापाठोपाठ सुटी येतेच. कर्व्यांच्या आयुष्यात सुटीचे महत्त्व परीक्षेपेक्षा तसूभरही कमी नाही.

धोंडो केशव यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, शेरवली या गावी झाला. त्यांचे घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातल्या मुरूडला. हे गाव समुद्रकाठी आहे. एके काळी कर्व्यांचे घराणे संपन्न होते, पण धोंडूच्या जन्मापर्यंत ते वैभव ओसरले होते. वडील केशवपंत कारकुनी करीत. आई लक्ष्मीबाई मोठ्या मानी होत्या. बडोद्याला गायकवाडांकडून ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात होती. घरात पैशाची चणचण असूनही ती दक्षिणा घ्यायला मुलांना पाठवण्यास या माउलीने साफ नकार दिला. ही हकीकत वाचकांनी लक्षात ठेवावी. कारण याच आईच्या मुलाने पुढे आयुष्यभर दारोदार हात पसरला. मात्र तो कधी स्वतःसाठी पसरला नाही.

मुरूडच्या शाळेत सोमण नावाचे गुरुजी होते. पाठ्यपुस्तकापलीकडेही काही जग आहे आणि गावासाठी आपण काही करायचे असते, ही गोष्ट त्यांनी मुलांच्या मनात घातली. गावच्या दुर्गादेवीच्या देवळात वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम धोंडू करी. स्वभावाने हा मुलगा अत्यंत बुजरा. चारचौघांत तोंड उघडायची चोरी. अशा मुलाने देवळात उभे राहून वर्तमानपत्र वाचायचे, यात गुरुजींची काही योजना असली पाहिजे असे मला वाटते. चांगले शिक्षक असे काही तरी करतात. आपल्यापैकी पुष्कळांना असा एखादा शिक्षक भेटला म्हणूनच आपण आज या इमारतीत आहोत.

त्या काळी मराठी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा असे. आज सहावी म्हणजे काहीच नाही; परंतु तेव्हा ती परीक्षा पास झालेल्याला सरकारी नोकरीचे दार उघडे होई. शाळामास्तर होता येई, कारकून होता येई. म्हणजे घरात महिन्याच्या महिन्याला ठरावीक पैसा येई. तिला बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. १८७५ साली धोंडूला सतरा पुरी झाली. तेव्हा गावातल्या काही सोबत्यांबरोबर तो परीक्षेला निघाला.

पण निघणे सोपे नव्हते. दिवस पावसाचे होते आणि पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावरची बोटवाहतूक बंद असे. मुंबईला जाण्याचा समुद्राचा रस्ता असा मिटला. दुसरे केंद्र साताऱ्याचे. मुरूडहून सातारा सुमारे ११० मैल. मध्ये सह्याद्री उभा. रेल्वे नाही, मोटार नाही, खिशात भाड्याच्या बैलगाडीपुरतेही पैसे नाहीत. तेव्हा ही मुले चालत निघाली. चिपळुणावरून कुंभार्ली घाट चढायचा आणि घाटमाथ्यावरून पुढे साताऱ्याची वाट धरायची. चार-पाच दिवसांची ही पायपीट त्यांनी मुसळधार पावसात केली. नद्यानाल्यांना पूर, घाटात दाट रान आणि डोक्यावर परीक्षेच्या तारखेची टांगती तलवार. ज्यांनी पावसाळ्यात कोकणातला घाट पायी चढलेला आहे त्यांना यातला कष्ट सांगावा लागणार नाही. इतरांनी एवढेच समजावे की आपल्या एस.टी.ला जो घाट चढताना धाप लागते, तो या मुलांनी भिजल्या कपड्यांनी आणि फुटल्या पायांनी पार केला.

मुले साताऱ्याला वेळेवर पोहोचली. परीक्षा घेणाऱ्या मंडळींसमोर धोंडू उभा राहिला. अंगाने किडकिडीत, उंचीने बेताचा, चेहऱ्यावर मिसरूड फुटलेले नाही. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे ठरवून टाकले. झाले. त्याला परीक्षेला बसू दिले नाही. त्याला एकही प्रश्न विचारला गेला नाही, त्याचा एकही पेपर तपासला गेला नाही. जे वय त्याला खरोखरच पुरे झाले होते तेच त्याच्या चेहऱ्यावर दिसले नाही म्हणून तो बाद झाला. ११० मैल आला, तसाच तो परत निघाला.

या प्रसंगाविषयी आपण वाचतो तेव्हा लगेच पुढचे पान उलटतो, कारण पुढे हा मुलगा मोठा होणार आहे हे आपल्याला माहीत असते. पण त्या दिवशी साताऱ्यात ते कोणालाच माहीत नव्हते. धोंडूलाही नव्हते. परतीचा घाट उतरताना त्याच्यापुढे फक्त मुरूडचे घर होते, त्या घरातली अडचण होती, आणि वाट पाहत असलेले आईवडील होते. नापास झालेल्याला निदान आपला अभ्यास कमी पडला असे तरी म्हणता येते. धोंडूला तेही म्हणता येत नव्हते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे परीक्षा म्हणजे काय हे मला थोडे वेगळे कळते. शिकलेल्या घरातले मूल एखाद्या विषयात राहिले तर पुन्हा बसते. आमच्यासारख्या घरात एक वर्ष गेले की शिक्षणच बंद करावे की काय, याचा विचार सुरू होतो. वर्षाची फी, खोलीचे भाडे, एस.टी.चा पास हा सगळा हिशेब निकालाच्या कागदावर होतो. म्हणून परीक्षेत काय ठेवले आहे, गुण म्हणजे सर्वस्व नव्हे, हे वाक्य कोणी व्यासपीठावरून बोलले की मला ते पटत नाही. ज्यांच्याजवळ परीक्षेवाचून दुसरे काही आहे त्यांनी ते बोलावे. धोंडू कर्व्यांजवळ तसे काही नव्हते. परीक्षेला त्यांनी तुच्छ मानले नाही. ते पुन्हा बसले आणि ती सहाव्या इयत्तेची परीक्षा पास झाले.

पास झाल्यावर ते मास्तर होऊन गावात राहिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी इंग्रजी शिकायचे ठरवले. ज्या वयात इतर मुले मॅट्रिक होऊन बाहेर पडत त्या वयात हे इंग्रजीची मुळाक्षरे गिरवू लागले. शिवाय तोपर्यंत त्यांचे लग्नही झालेले होते. काळाच्या रीतीप्रमाणे ते चौदा-पंधरा वर्षांचे असतानाच राधाबाई त्यांच्या घरात आल्या होत्या. रत्नागिरीच्या शाळेत त्यांनी सुरुवात केली, तिथे आजारपण आड आले. मग मुंबई गाठली. रॉबर्ट मनी शाळेत ते शिकू लागले. मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या, त्या पैशात जेवायचे, उरल्या वेळात स्वतःचा अभ्यास करायचा, असा त्यांचा दिनक्रम होता. १८८१ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचे वय २३ होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते १८८४ साली बी.ए. झाले, तेव्हा २६.

या आकड्यांशेजारी आणखी एक आकडा ठेवून पाहावा. त्याच वर्षी, त्याच एल्फिन्स्टन कॉलेजातून आणखी एक विद्यार्थी बी.ए. झाला. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले आणि त्याचे वय होते १८. म्हणजे आठ वर्षांनी लहान मुलाच्या बरोबरीने कर्वे पदवीधर झाले. आपल्या वर्गातही असे एखाददुसरे विद्यार्थी असतात. मध्ये काही वर्षे शिक्षण सुटलेले, नोकरी करून पुन्हा आलेले. आपण त्यांना थट्टेने काका म्हणतो. कर्वे हे त्या वर्गातले काकाच होते. मात्र हेच गोखले पुढे त्यांना पुण्याला बोलावणार होते.

बी.ए. झाल्यावर कर्वे मुंबईतल्या शाळांतून गणित शिकवू लागले. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणच्या शिकवण्या करून त्यांनी संसाराला स्थैर्य आणले. आणि स्थैर्य येताच पहिली गोष्ट कोणती केली, तर गावाकडची मुले शिकायला घरी आणून ठेवली. त्यांत नात्यातला, दापोली तालुक्यातल्याच मुर्डीचा, रघुनाथ परांजपे नावाचा मुलगा होता. तो अभ्यासात विलक्षण निघाला. केंब्रिज विद्यापीठात १८९९ साली तो सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. तेच पुढे रँग्लर परांजपे म्हणून प्रसिद्धीस आले आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. योगायोग असा, की १८९९ सालीच कर्व्यांचा थोरला मुलगा, त्याचेही नाव रघुनाथच, मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. ज्याला एका परीक्षेच्या दारातून परत पाठवले होते त्याच्या घरातून निघालेली दोन मुले एकाच वर्षी दोन परीक्षांत पहिली आली. कर्व्यांनी कधी या गोष्टीचा डांगोरा पिटला नाही. पण त्या वर्षी त्यांना साताऱ्याची आठवण झाली नसेल असे मला वाटत नाही.

१८९१ हे साल त्यांच्या आयुष्यात दुःखाचेही ठरले आणि नव्या वळणाचेही. राधाबाई वारल्या. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यामुळे फर्ग्युसन कॉलेजात गणिताची जागा रिकामी झाली होती. गोखल्यांनी कर्व्यांना बोलावले आणि ते आजीव सदस्य झाले. दरमहा ७५ रुपये वेतन. मुंबईत शिकवण्या करून याहून पुष्कळ अधिक मिळाले असते.

विधुराने दुसरे लग्न करायचे ते दहा-बारा वर्षांच्या मुलीशी, अशी त्या काळची रीत होती. आणि आठव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीने जन्मभर केशवपन करून घराच्या कोपऱ्यात बसायचे, अशीही रीत होती. या दोन रीती शेजारी शेजारी नांदत होत्या आणि त्यांत कोणाला विसंगती दिसत नव्हती. कर्व्यांना दिसली. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झालेली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन काढले, तेव्हा तिथे शिकायला गेलेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात कर्व्यांचा तिच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले. पण सगळे त्यांना बाया म्हणत.

मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावाच्या देवळात धोंडूने वर्तमानपत्र वाचून दाखवले होते, ज्या गावासाठी त्याने मुंबईत असताना निधी जमवला होता, त्याच गावाने ठराव केला. तो घरी राहिला तर त्याच्या आईलाही वाळीत टाकण्यात येणार होते. साताऱ्याला साहेबांनी चेहरा पाहून दार लावले. इथे गावाने बायको पाहून लावले. माणूस किती शिकला आणि कसा वागला हे दोन्ही ठिकाणी कोणी विचारले नाही.

पुनर्विवाह हा थोड्याच विधवांसाठीचा उपाय आहे, हे कर्व्यांच्या हळूहळू ध्यानात आले. ज्यांना लग्न करायचे नाही, किंवा करण्याची हिंमत नाही, त्यांनी काय करायचे? त्यांना शिकवावे, आपल्या पायावर उभे करावे. यासाठी १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. गणेश गोविंद गोखले या सद्गृहस्थांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि रोख साडेसातशे रुपये दिले. १९०० साली तिथल्या ओसाड माळावर झोपडी उभी राहिली आणि आश्रम तिकडे गेला. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि मग काही मैल चालत हिंगण्याला जायचे, असा क्रम सुरू झाला. वाटेत चिखल, अंधार, खांद्यावर आश्रमाचे सामान आणि काही ठिकाणी लोकांच्या शिव्या. साताऱ्याला चाललेले पाय होते, त्यांना सवय होती.

आता सुट्यांविषयी. कॉलेजच्या प्राध्यापकाला दिवाळीची सुटी असते आणि उन्हाळ्याची मोठी सुटी असते. फर्ग्युसनमध्ये तेव्हा एक चांगली चाल होती. संस्थेचे आजीव सदस्य सुटीत बाहेर पडून संस्थेसाठी वर्गणी गोळा करीत. गोखल्यांनीही हे काम पुष्कळ केले. कर्व्यांनी हीच चाल आश्रमासाठी उचलली. परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले, की इतर मंडळी थंड हवेच्या ठिकाणी किंवा आपापल्या गावी जात. गाव कर्व्यांना बंदच झाले होते. ते पिशवी घेऊन आश्रमाच्या वर्गणीसाठी निघत. आज या गावी, उद्या त्या गावी. जमले तर व्याख्यान, नाही तर घरोघर. कोणी रुपया देई, कोणी चार आणे देई, कोणी उपदेश देई. जे मिळे त्याची पावती आणि काटेकोर हिशेब. बोलताना चाचरणारा, चेहऱ्यावर संकोच असलेला हा गणिताचा प्राध्यापक परक्या माणसाच्या ओसरीवर उभा राहून विधवेच्या शिक्षणासाठी पैसे मागतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ज्या आईने दक्षिणा नाकारली होती, तिच्या मुलाला हे सोपे गेले असेल काय? तरीही वर्षामागून वर्षे त्यांच्या सुट्या अशा गेल्या.

आपणही सध्या सुटीचे बेत आखतो आहोत. शेवटच्या पेपरच्या दिवशी कोणता सिनेमा, मग कोणी महाबळेश्वर, कोणी मामाचे गाव. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना उन्हाळ्यात रानात काम असते. काहीजण दुकानात उभे राहून पुढच्या वर्षाची फी मिळवतात. आणि आम्हा मुलींपैकी काहीजणींच्या सुटीचे बेत दुसऱ्यांनीच आखलेले असतात. सुटीत स्थळे येतात, पाहण्याचे कार्यक्रम होतात आणि जूनमध्ये वर्गातल्या एक-दोन जागा रिकाम्या राहतात. त्या जागा का रिकाम्या आहेत हे हजेरी घेणाऱ्या सरांना ठाऊक असते आणि आम्हालाही. सर नुसती रेघ ओढून पुढचा नंबर पुकारतात. अशा वेळी शंभर वर्षांपूर्वी कोणी तरी आपली उन्हाळ्याची सुटी मुलींना वर्गात आणण्यासाठी खर्च केली, ही गोष्ट मला पुस्तकातली वाटत नाही.

या थोरवीची किंमत कोणी दिली तेही सांगायला हवे, नाही तर चरित्र अर्धेच राहील. पगार बेताचा, त्यातलाही वाटा आश्रमाला. आपल्या विम्याची पॉलिसीही कर्व्यांनी आश्रमाच्या नावे केली. घर कसे चालायचे ही विवंचना बायांनी वाहिली. त्यांनी 'माझे पुराण' या आपल्या आत्मकथनात ते सारे मोकळेपणाने सांगितले आहे. कर्व्यांच्या मोठेपणाची झळ घरातल्यांना कशी लागली हे समजायला ते पुस्तक वाचावे. वसंत कानेटकरांनी १९७२ साली आलेल्या 'हिमालयाची सावली' या नाटकाची कल्पनाही याच दांपत्यावरून घेतली. बायांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले यांनी तर आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत अमेरिकेपर्यंत मजल मारली. कर्व्यांचे काम हे एकट्या कर्व्यांचे नव्हते.

त्याचप्रमाणे त्यांच्या कार्याला मर्यादाही होत्या. आश्रमात सुरुवातीला उच्चवर्णीय विधवांनाच प्रवेश होता. आमच्यासारख्या घरातल्या मुलीला १९०० साली हिंगण्याच्या झोपडीत जागा मिळाली नसती, हे मी लिहिले नाही तर ते अप्रामाणिक होईल. पुण्यातच महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली होती आणि सर्व जातींना शिक्षण देण्याचा रस्ता दाखवला होता. कर्वे त्या रस्त्याने सावकाश आले. पण आले. १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी समता संघ स्थापन केला. ज्या वयात माणसे जुनी मते घट्ट धरून बसतात त्या वयात त्यांची मते पुढे जात होती.

१९१४ साली कर्वे फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या सुमारास जपानमधल्या टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली होती. तिने त्यांना झपाटले. अध्यक्षीय भाषणात त्यांनी भारतीय महिलांसाठी वेगळ्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ सालच्या जूनमध्ये ते विद्यापीठ सुरूही केले. सर रामकृष्ण भांडारकर कुलपती झाले आणि कुलगुरू झाले रँग्लर परांजपे. कर्व्यांच्या घरी राहून शिकलेला मुर्डीचा तोच मुलगा. विद्यार्थिनी होत्या पाच.

परीक्षेच्या दृष्टीने या विद्यापीठाकडे पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. शिक्षण मातृभाषेतून. इंग्रजी शिकायची, पण इतर विषय इंग्रजीतून नव्हेत. शिवाय ज्या बायकांना घर सोडून वर्गात येणे शक्य नाही त्यांनी घरी अभ्यास करून परीक्षेला बसावे. म्हणजे परीक्षेला येणाऱ्या बाईच्या वाटेत जे जे घाट होते ते हा मनुष्य एकेक करून सोपे करीत होता. यावर टीका झाली. बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे कमी प्रतीचे शिक्षण, असे अनेकांनी म्हटले. मुलीने मुख्यतः चांगली गृहिणी व्हावे हा त्यामागचा विचार आज आम्हाला पटणार नाही. पण दारापर्यंत पोहोचलेल्यांनी अभ्यासक्रमावर वाद घालावा. ज्यांना दारच माहीत नव्हते त्यांना कर्व्यांनी आधी आत आणले. १९२१ साली पहिल्या पाच स्त्रिया या विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. तेच आजचे एस.एन.डी.टी. सरकारी कायद्याने मान्यता मिळायला मात्र १९५१ साल उजाडले. तोपर्यंत, पस्तीस वर्षे, सरकारदरबारी ज्यांना विचारत नाहीत अशा पदव्या हे विद्यापीठ देत राहिले आणि बायका त्या घेत राहिल्या.

सत्तरी उलटल्यावर कर्वे विद्यापीठाची माहिती सांगण्यासाठी जगाच्या प्रवासाला निघाले. बर्लिनला त्यांनी आइन्स्टाइन यांची भेट घेतली. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवे मंडळ काढले आणि पुन्हा वर्गणीसाठी हिंडू लागले. निवृत्त माणसाला बारा महिने सुटीच असते. कर्व्यांनी तीही आपल्या जुन्याच पद्धतीने घालवली. ज्यांना एम.ए.ची पदवी कधी मिळाली नाही त्यांना बनारस, पुणे, एस.एन.डी.टी. आणि मुंबई या चार विद्यापीठांनी सन्मानाच्या पदव्या दिल्या. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे होऊन, ते निवर्तले.

या चरित्रातून काय घ्यावे? कर्वे नापास झाले तरी मोठे झाले, असे काही मी म्हणणार नाही. ते परीक्षेच्या दारातून परत आले आणि पुन्हा परीक्षेला गेले, आणि प्रत्येक परीक्षा उशिरा का होईना पास झाले. गरिबाच्या मुलाला परीक्षा टाळून चालत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. विशेष आहे ते त्यानंतरचे. दारातून परत पाठवल्याचा राग बहुतेक माणसे दोन तऱ्हांनी काढतात. कोणी त्या दाराला जन्मभर शिव्या देतो, तर कोणी आत शिरल्यावर ते पाठीमागच्याच्या तोंडावर लावून घेतो. कर्व्यांनी तिसरी तऱ्हा दाखवली. आत गेल्यावर ते, पुढच्या साठ-सत्तर वर्षांत, बाहेर उभ्या असलेल्यांना आत आणत राहिले.

मित्रमैत्रिणींनो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा परीक्षा तोंडावर आली असेल किंवा नुकतीच संपलेली असेल. अभ्यास मन लावून करावा; आपल्याला दुसरा आधार नाही. पेपर संपल्यावर सुटीची मजाही करावी. पण त्या मोठ्या सुटीतले चार दिवस बाजूला काढता आले तर जूनमध्ये ज्यांच्या जागा रिकाम्या राहण्याचा संभव आहे त्यांच्या घरी आपण जाऊन यावे. त्यांच्या वडिलांशी बोलावे, फीची सवलत कशी मिळते ते समजावून सांगावे, आपली जुनी पुस्तके द्यावीत. त्यासाठी ११० मैल चालावे लागत नाही. बहुतेक वेळा ते घर आपल्याच आळीत असते.